रंगसंन्यास केव्हां घ्यावा?

ज्याच्याजवळ कांहींच नाहीं, त्यानें सर्वस्वाचा त्याग केला असें कोणी म्हणत नाहीं. त्यागाला आधीं स्वामित्व लागतें, आणि त्यागणाऱ्याला ‘कां?’ या प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें. छायाचित्रणाच्या कलेंत ही साधी गोष्ट अलीकडे विसरली जात आहे असें मला वाटतें. असें वाटण्यास निमित्त झालें तें पालेगांवांतील एका तरुणाच्या चित्रसंग्रहाचें.

हा तरुण माझा शेजारी. पेशानें इंजिनियर, सुट्टीच्या दिवशीं कॅमेरा गळ्यांत अडकवून पालेगांव, अंबरनाथ आणि आसपासचा टापू पायाखालीं घालणारा. अंबरनाथच्या पूर्वेचें हें गांव कालपरवांपर्यंत भातशेतीचें होतें. आतां तेथें उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि आम्ही दोघेही अशाच एका इमारतींत राहतों. तीन वर्षांत काढलेल्या चित्रांतून चाळीस निवडून, तीं मोठ्या आकारांत छापून, त्यानें एके दिवशीं माझ्यापुढें ठेवलीं. “सर, यांचं एक छोटं पुस्तक करायचं आहे. आधी तुमचं मत हवं.” चाळिसांपैकीं सव्वीस चित्रें कृष्णधवल होतीं. हींच सव्वीस कां, असें मीं विचारलें. उत्तर तत्काळ आलें: “जे फोटो जरा आर्टिस्टिक वाटले, ते ब्लॅक अँड व्हाईट केले.”

या वाक्यांतील शेवटच्या शब्दावर मी अडखळलों. फोटो ‘काढले’ असें तो म्हणाला नाहीं. ‘केले’ असें म्हणाला. म्हणजे चित्र रंगीत जन्मलें, घरीं आलें, आणि मग तें सुंदर आहे अशी खात्री पटल्यावर त्याचे रंग उतरविण्यांत आले. जणूं रंगहीनता ही एक पदवी आहे, आणि ती गुणवान् चित्रांस मागाहून बहाल करावयाची असते! हा समज एकट्या माझ्या शेजाऱ्याचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. पण लग्नाच्या चित्रसंग्रहापासून प्रदर्शनांच्या भिंतींपर्यंत तो सर्वत्र पसरलेला आहे. म्हणून या संग्रहाच्या निमित्तानें, रंग केव्हां सोडावा आणि केव्हां सोडूं नये, याचा थोडा विचार करावयाचें मीं योजिलें आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, कृष्णधवल चित्र हें प्रारंभीं कोणाच्या अभिरुचीचें फळ नव्हतें. मुंबईंत १८५४ सालीं ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या आपल्याकडील छायाचित्रकारांपैकीं एक. त्या पिढीच्या हातीं जी रसायन लावलेली कांच होती, ती निळा-जांभळा प्रकाश तेवढा चांगला ओळखी; हिरवा तिला अंधुक दिसे, आणि तांबड्याच्या बाबतींत ती पूर्ण आंधळी असे. त्यामुळें जुन्या चित्रांतील आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें, आणि तांबडी वस्तु काजळासारखी काळी. १८७३ सालीं जर्मनींत फोगेल यानें कांचेवरील रसायनांत विशिष्ट रंगद्रव्यें मिसळून तिला हिरव्याची ओळख करून दिली. तांबड्यासह सर्व रंगांस जागी असणारी ‘पॅन्क्रोमॅटिक’ कांच १९०६ सालीं इंग्लंडांत विक्रीस आली. ल्यूमिएर बंधूंची रंगीत कांच १९०७ सालीं, आणि कोडॅक्रोम फिल्म १९३५ सालीं. म्हणजे छायाचित्रणाचें पहिलें अर्धें शतक व त्याहूनही अधिक काळ, काळें-पांढरें हीच एकमेव भाषा होती. त्या काळीं ‘कृष्णधवल कां?’ हा प्रश्न विचारणें म्हणजे मुक्याला ‘तूं मौन कां धरलेंस?’ असें विचारण्यासारखें झालें असतें.

आमच्या घरीं माझ्या आजीचें, तिच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांनीं काढलेलें, एक चित्र आहे. त्यांत तिच्या कपाळीं कुंकू काळेंभोर दिसतें. पण आजी काळें कुंकू लावीत असे, असें आमच्या घरांत कोणालाही, अगदीं लहान मुलालाही, कधीं वाटलें नाहीं. सगळींच चित्रें काळीं-पांढरीं असत तेव्हां पाहणारा मनांतल्या मनांत त्या काळ्याचें तांबडें करून घेई. चित्र व पाहणारा यांच्यामध्यें तसा एक अलिखित करार होता. पुढें स्टुडिओंतले रंगारी ब्रशानें ओठांवर, शालूवर, कपाळावर रंग चढवूं लागले, तें याच कराराचें दृश्य रूप होय.

आज हा करार संपला आहे. आजच्या कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पटलावर तांबड्या, हिरव्या व निळ्या कणांची एक बारीक चाळणी बसविलेली असते, आणि तींत हिरवे कण इतरांच्या दुप्पट असतात. म्हणजे हल्लींचा सामान्य कॅमेरा रंग पाहतो तो आधीं. रंग घालविणें ही मागाहूनची क्रिया. हें पाहणाऱ्यालाही ठाऊक असतें. म्हणून काळ्या-पांढऱ्या चित्रापुढें उभा राहिलेला आजचा माणूस त्यांत मनानें रंग भरीत नाहीं. ‘यानें रंग काढून टाकले, तेव्हां त्याला कांहींतरी सांगावयाचें असलें पाहिजे,’ असें तो धरून चालतो. पूर्वीं जें अपरिहार्य होतें तें आतां विधान झालें आहे. विधान करणाऱ्यानें आपण काय विधान करतों हें ओळखून असावें, एवढीच माझी मागणी आहे.

हा निर्णय जाणूनबुजून कसा घेतां येतो याचें एक उत्तम उदाहरण आपल्या चित्रपटसृष्टींतच सांपडतें. प्रभातच्या ‘सैरंध्री’ला (१९३३) रंग देण्याचा खटाटोप व्ही. शांताराम यांनीं केला. त्यासाठीं जर्मनींत प्रती तयार करविल्या. पण रंग मनासारखा उतरला नाहीं. पुढें ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) हा नृत्यप्रधान चित्रपट त्यांनीं टेक्निकलरमध्यें काढला, आणि बावीस वर्षांपूर्वींची ती हौस पुरेपूर फेडून घेतली. रंग असा वश झाल्यावर, लागलीच १९५७ सालीं, ‘दो आंखें बारह हाथ’साठीं हाच दिग्दर्शक पुन्हां काळ्या-पांढऱ्याकडे वळला, आणि १९५९ सालीं ‘नवरंग’साठीं पुन्हां रंगाकडे! यामागें खर्चाचा हिशेब असेलही; पण हिशेब आणि औचित्य येथें एकाच बाजूला उभीं आहेत. औंध संस्थानांतील स्वतंत्रपूर येथील कैद्यांच्या मुक्त वसाहतीच्या प्रयोगावर आधारलेली ती कथा. सहा खुनी, एक तुरुंगाधिकारी आणि एक उजाड माळ. तेथें पाहावयाचें काय? तर माणसाच्या डोळ्यांतला अंधार आणि त्यांत हळूहळू शिरणारा उजेड. या कामांत रंगानें लुडबुड केली असती. उलट ‘नवरंग’मधून रंग वजा केले, तर नांवासकट सारेंच वजा होईल. १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत ‘दो आंखें’चा सन्मान झाला तेव्हां जगांत रंगीत चित्रपटांची कमतरता नव्हती, म्हणून त्या काळ्या-पांढऱ्याला मागासलेपणा म्हणावें असें कोणास वाटलें नाहीं.

आतां संग्रहाकडे वळूं. माझ्या शेजाऱ्याच्या सव्वीस कृष्णधवल चित्रांत सर्वोत्तम ठरतात तीं अंबरनाथच्या शिवालयाचीं. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा त्या देवळाच्या शिलालेखाचा काळ. शिलाहार राजा मुम्मुणि याचें नांव त्याशीं निगडित आहे. भूमिज शैलीचें हें देऊळ आपल्या काळ्या बेसाल्ट दगडाचें, वालधुनीच्या कांठीं उभें. बाहेरच्या भिंतीला इतके कोन आणि इतक्या घड्या पाडलेल्या आहेत कीं, सूर्य चार बोटें सरकला तरी भिंतीचा चेहरा बदलतो. तरुणानें हीं चित्रें सकाळच्या तिरप्या उन्हांत घेतलेलीं आहेत. प्रत्येक मूर्तीच्या खांद्यामागें सावली, प्रत्येक सावलीच्या पोटांत दुसरी मूर्ति. आणि गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरतांना उजेड पायरी-पायरीनें मागें राहतो, तें तर फार सुरेख साधलें आहे.

या चित्रांचीं रंगीत मूळ रूपें मीं मुद्दाम मागवून पाहिलीं. दगड दोन्हींकडे जवळजवळ सारखाच, कारण तो स्वभावतःच रंगाविषयीं उदासीन आहे. मग रंगीत चित्रांत जास्त काय होतें? एका कोपऱ्यांत निळें प्लास्टिकचें पिंप, कठड्यावर कोणाचा तरी वाळत घातलेला पिंवळा टॉवेल, आणि दाराशीं एक जाहिरातीचा फलक. डोळा पहिल्याप्रथम धांवतो तो पिंपाकडे. नऊशें साठांहून अधिक वर्षें उभी असलेली सुरसुंदरी बिचारी त्याच्या मागें तिष्ठत राहते. १८६८ सालीं सरकारी हुकुमानें या देवळाचीं रेखाटनें करण्यांत आलीं आणि कोरीव कामाचे ठसेही घेण्यांत आले. ठसा म्हणजे काय? रंग वजा जातां उरणारा आकार. त्या कारागिरांस जें प्लास्टरमध्यें साधावयाचें होतें, तेंच येथें प्रकाशांत साधलें आहे. रंगाला या चित्रांतून निरोप दिला तो योग्यच झाला. कारण तो तेथें केवळ बघ्या होता.

‘बघ्या’ हा शब्द येथें आला तो एका कसोटीसाठीं. रस्त्यावर अपघात झाला म्हणजे गर्दी जमते. त्या गर्दींत पुष्कळसे बघे असतात आणि एखाददुसरा साक्षीदार असतो. पोलिसानें बघ्यांस हांकून लावावें. पण साक्षीदारास हांकून लावलें तर खटलाच बुडाला. चित्रांतील प्रत्येक रंगाविषयीं हाच प्रश्न विचारावा: हा बघ्या आहे कीं साक्षीदार? देवळापुढचें पिंप बघ्या होतें. पण याच तरुणानें ज्यांस बघे समजून हांकून लावलें, अशा कांहीं साक्षीदारांची हकीकत आतां सांगावयाची आहे.

पहिलें उदाहरण सौम्य आहे. इमारतींच्या मागें अजून भाताचीं थोडीं खाचरें उरलीं आहेत. तेथें आषाढांत लावणी करणाऱ्या एका बाईचें चित्र त्यानें घेतलें. लाल लुगडें, भोंवतीं हिरवा गर्द भात, मागें मलंगगडाची धूसर रांग. रंगीत चित्रांत ती बाई दिव्याच्या ज्योतीसारखी उठून दिसते. कृष्णधवल केल्याबरोबर ती नाहींशी झाली! याचें कारण साधें आहे. तें लाल आणि तें हिरवें एकमेकांपासून कितीही दूर असले, तरी उजळपणांत दोघेही बरोबरीचे होते; रंग जातांच दोघांचीही एकच करडी छटा झाली. जेथें भेद रंगाचा आहे आणि प्रकाशाचा नाहीं, तेथें रंग काढून घेणें म्हणजे भेदच पुसून टाकणें. हें ओळखण्यास एक जुना घरगुती उपाय आहे: डोळे अर्धवट मिटून दृश्य पाहावें. त्या किलकिल्या नजरेंतही जें वेगळें दिसतें, तें काळ्या-पांढऱ्यांत जगेल. जें मिसळून जातें, तें मरेल.

दुसरें उदाहरण याहून नाजूक आहे. गांवांतील एक वृद्ध शेतकरी आपल्या जुन्या घराच्या ओटीवर बसला आहे. मागें नव्या इमारतीचा सांगाडा. चेहऱ्यावरील सुरकुत्या काळ्या-पांढऱ्यांत फार रेखीव आल्या आहेत, आणि याच चित्राचा तरुणाला सर्वांत जास्त अभिमान होता. पण मला तें पाहतांना अवघडल्यासारखें झालें. रंगीत मुळांत म्हाताऱ्याच्या अंगांत नातवाचा असावा असा भडक नारिंगी टी-शर्ट आहे, हातांत मोबाईल आहे, आणि तो मोबाईल निळा उजेड टाकीत चालू आहे. तो माणूस आजचा आहे. आजचीं भांडणें, आजचे जमिनीचे भाव त्याला पाठ आहेत. रंग काढतांच टी-शर्ट कोणत्याही काळचें जुनें वस्त्र झाला, मोबाईल हातांतल्या सावलींत बुडाला, आणि तो जिवंत माणूस एकाएकीं भूतकाळांत जाऊन बसला. काळें-पांढरें चित्र हें आपल्या मनांत जुन्या काळाशीं जोडलेलें आहे. तें ज्याच्यावर घालावें त्याला तें आठवणीचें वस्त्र चढवितें. दारिद्र्य आणि वार्धक्य यांचीं चित्रें हटकून कृष्णधवल करण्याची जी चाल पडली आहे, तिच्या मुळाशीं, नकळत कां होईना, ‘हें आतां संपलेलें आहे’ असा एक सुटकेचा निःश्वास असतो. ज्यांचें संपलेलें नाहीं, त्यांच्यावर हा अन्याय आहे.

तिसरें चित्र वालधुनी नदीचें. हें पाहिल्यावर मात्र माझा संयम थोडा सुटला, हें कबूल करतों. नदीचा एक वळसा, त्यावर तरंगणारे शुभ्र फेंसाचे पुंजके, कांठची झुडपें काळीं, पाणी वितळलेल्या रुप्यासारखें. एखाद्यानें दिवाणखान्यांत लावावें असें चित्र! मीं मूळ मागितलें. मुळांत पाणी तांबूस-जांभळें होतें आणि फेंसाला पिंवळट झांक होती. ज्या नदीच्या कांठीं शिलाहारांनीं शिवालय उभारलें, तीच नदी अंबरनाथ-उल्हासनगरांतून जातांना कारखान्यांच्या सांडपाण्यानें रंग बदलते, हें येथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१४ च्या नोव्हेंबरांत उल्हासनगराजवळ तिच्या पात्रांत विषारी रसायन सोडलें गेलें, आणि शेंकडों माणसें श्वास कोंडून रुग्णालयांत गेलीं. अशा नदीच्या बाबतींत पाण्याचा रंग हाच पुरावा आहे. तो पुसला म्हणजे गुन्ह्याच्या जागेवरील डाग पुसून, वर तेथें रांगोळी घातल्यासारखें झालें.

भरतानें नाट्यशास्त्रांत प्रत्येक रसाला एकेक वर्ण नेमून दिला आहे. बीभत्साचा वर्ण नील आणि करुणाचा कपोत, म्हणजे पारव्याचा करडा. आपल्याकडे करड्या रंगालाही स्वतःचा रस आहे, हें कृष्णधवलाच्या उपासकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पारव्या छटांत चित्र बुडविलें कीं त्यांत करुण आपोआप झिरपूं लागतो. माझ्या शेजाऱ्यानें केलें तें नेमकें हेंच: बीभत्साचें करुणांत रूपांतर. आणि करुण हा फार सोईचा रस आहे. त्यानें डोळे पाणावतात आणि हात मोकळे राहतात. बीभत्स पाहिल्यावर माणूस नाक दाबतो, आणि मग ‘हें कोणी केलें?’ असें विचारतो. त्या नदीच्या चित्रापुढें हाच प्रश्न विचारला जावयास हवा होता.

शेवटचें उदाहरण त्याच्याच घरांतलें आहे, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें. महाशिवरात्रीच्या जत्रेंत घेतलेलें त्याच्या आईचें चित्र संग्रहांत होतें. आम्ही चित्रें पाहत बसलों होतों तेव्हां त्या माउली चहा घेऊन आल्या. स्वतःचें चित्र त्यांनीं प्रथमच पाहिलें. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “अरे, माझं कुंकू कुठं गेलं?”

खरोखरच कपाळ कोरें होतें. त्यांचे यजमान शेजारच्या खुर्चींत वर्तमानपत्र वाचीत बसले होते. ते हंसले, आम्हीही हंसलों. पण त्या बाईंनीं तें चित्र हळूच पालथें करून ठेवलें, आणि मग कोणी हंसलें नाहीं.

झालें होतें तें असें. रंग उतरवितांना संगणकावर प्रत्येक रंगासाठीं एकेक पट्टी असते; ती सरकवून कोणता रंग किती उजळ किंवा किती काळा व्हावा हें ठरवितां येतें. आपल्या कातडीचा वर्ण छायाचित्रांत तांबड्या-नारिंगी भागांत पडतो. आईचा चेहरा उजळ दिसावा, सुरकुत्या मावळाव्या, म्हणून मुलानें प्रेमानें त्या पट्ट्या वर सरकविल्या. चेहरा गोरा झाला. आणि त्याबरोबर कपाळावरचें तांबडें कुंकूही उजळत उजळत कातडींत विरून गेलें. फिल्मच्या काळीं तांबडी कांच भिंगापुढें लावली असतां हेंच होत असे. तांबड्याला आंधळ्या असलेल्या जुन्या कांचेनें माझ्या आजीचें कुंकू काळें केलें, पण राखलें. आणि सर्व रंग पाहणाऱ्या आजच्या यंत्रानें, माणसाच्या हातून, या माउलीचें कुंकू पुसलें. आंधळ्यापेक्षां डोळसाच्या हातून अधिक मोठी चूक झाली, ती डोळसानें पाहण्याचें सोडल्यामुळें.

येथें कोणी म्हणेल कीं, कुंकवाचें एवढें स्तोम कशाला? रूढि जुनी झाली. तिचा जाचही पुष्कळ स्त्रियांनीं सोसला. हें मला मान्य आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें २०२२ च्या मे महिन्यांत, पतिनिधनानंतर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो मला अभिमानास्पद वाटतो. पण त्या ठरावानेंच काय सिद्ध होतें? कपाळावरचा तो ठिपका लावणें किंवा पुसणें याचा अधिकार दुसऱ्या कोणाचा नाहीं, हेंच ना? तो लावावा कीं नाहीं हें ती स्त्री ठरवील. चेहरा गोरा करण्याच्या ओघांत छायाचित्रकारानें तें परस्पर ठरवावें, ही त्याच जुन्या जुलमाची नवी, अजाण आवृत्ति झाली. शिवाय गोरेपणाची ती ओढ! आईचा सावळा, उन्हानें रापलेला चेहरा मुलाला कमी कां वाटावा?

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. कलावंत हा वस्तुस्थितीचा कारकून नव्हे. त्याला सोडण्याचें स्वातंत्र्य असलेंच पाहिजे. हें तर खरेंच आहे. चित्राची चौकट धरणें म्हणजेच चौकटीबाहेरचें सारें सोडणें. पण सोडण्याच्या स्वातंत्र्यालाही औचित्याची मर्यादा असते. अंबरनाथचें देऊळ उभें राहिलें त्याच अकराव्या शतकांत तिकडे काश्मीरांत क्षेमेंद्र औचित्याला काव्याचें जीवित म्हणत होता. अलंकार घालण्यास जो नियम, तोच अलंकार उतरविण्यास. देवळाच्या चित्रांतून रंग गेला आणि देऊळ अधिक देऊळ झालें. नदीच्या चित्रांतून रंग गेला आणि नदी खोटी झाली. क्रिया एकच, पण एक कला आणि दुसरी फसवणूक. भेद आहे तो विषयाच्या मागणीचा.

मग निर्णय घ्यावा केव्हां? फिल्मच्या दिवसांत तो सकाळीं घरून निघतांनाच होत असे. कॅमेऱ्यांत काळी-पांढरी गुंडाळी भरली कीं छत्तीस चित्रांपुरतें जग काळें-पांढरें. त्या बंधनानें नजरेला वळण लागे. माणूस उजेडाची दिशा, भिंतीचा खडबडीतपणा, सावलीचा आकार शोधीत हिंडे. आज निर्णय मागाहून घेण्याची मुभा आहे, आणि मुभेनें नजर सैल होते. रंग शोधणारा व उजेड शोधणारा हे दोघे एकाच जागीं, एकाच वेळीं उभे राहत नाहींत. जत्रेचा गुलाल टिपणाऱ्यानें दुपारीं गर्दींत शिरावें. भिंतीवरचें कोरीव काम टिपणाऱ्यानें सूर्योदयाबरोबर देवळाशीं हजर असावें. म्हणून माझें मत असें कीं, कळ दाबण्यापूर्वींच मनांत ठरलेलें असावें. यंत्रही यास अनुकूल आहे: कॅमेऱ्याच्या पडद्यावर दृश्य काळें-पांढरें दिसावें आणि मूळ नोंदींत मात्र रंग शाबूत राहावे, अशी सोय अनेक कॅमेऱ्यांत आहे. पाहतांना व्रतस्थ राहावें. पण व्रत चुकलें असें वाटल्यास परतण्याची वाट उघडी असावी. आणि परतण्यांत कमीपणा मानूं नये.

शेजाऱ्यास मीं हें सर्व सांगितलें तेव्हां तो थोडा हिरमुसला. पुढच्या महिन्यांत तो पुन्हां आला. सव्वीस कृष्णधवल चित्रांपैकीं अकरा त्यानें रंगांत परत आणलीं होतीं. नदी तांबूस-जांभळी होती, आणि पाहवत नव्हती. तशीच ती असावयास हवी. लावणीची बाई खाचरांत पुन्हां उभी राहिली होती. ओटीवरच्या म्हाताऱ्याचा नारिंगी टी-शर्ट मात्र त्याला अजून खुपत होता. त्या चित्राबद्दल आमचा वाद चालूच आहे, आणि कदाचित् त्याचें म्हणणेंही सर्वस्वी चूक नसेल. देवळाचीं चित्रें त्यानें मुळींच हलविलीं नव्हतीं.

आईचें चित्र त्यानें दोन प्रकारें करून आणलें होतें. एकांत तांबड्याची पट्टी खालीं ओढल्यामुळें कुंकू काळें, ठसठशीत आलें होतें, माझ्या आजीच्या चित्रांतल्यासारखें. चेहरा मूळच्याहून अधिक सांवळा झाला होता आणि प्रत्येक सुरकुती दिसत होती. दुसरें होतें तें साधें रंगीत. निवड त्यानें आईवरच सोंपविली. त्यांनीं दोन्ही चित्रें खिडकीशीं नेऊन पुष्कळ वेळ पाहिलीं, आणि रंगीत चित्र उचललें. “हीच मी,” एवढेंच त्या म्हणाल्या, आणि चित्र टेबलावर उताणें ठेवून आंत गेल्या.